भिंतीवरचा हंस आणि उज्जैनचा परका

शनिमाहात्म्याची पोथी कित्येक मराठी घरांत शनिवारी वाचली जाते. ती भक्तीने ऐकावीच. आज मात्र तिच्यातल्या परक्या माणसाकडे पाहू.

हा परका म्हणजे उज्जैनचा राजा विक्रम. साडेसातीत एका घोड्याने त्याला दूर रानात नेऊन टाकलं. भटकत तो तामलिंदा नगरीत आला, तेव्हा त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. एका वाण्याच्या दुकानाशी टेकला आणि त्या दिवशी विक्री एकदम वाढली. पायगुणाचा पाहुणा म्हणून वाण्याने त्याला घरी नेलं. तिथे भिंतीवरच्या चित्रातल्या हंसाने मोत्यांचा हार गिळला! विक्रमाने हे डोळ्यांनी पाहिलं; पण सांगणार कुणाला? तो चोर ठरला, राजाज्ञेने त्याचे हातपाय तोडले गेले.

असाच एक परका गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९६८च्या कथेत भेटतो: पंख असलेला एक म्हातारा अंगणात पडतो. घरवाले त्याला खुराड्यात कोंडतात आणि बघ्यांकडून पैसे घेतात. हिशेब वाण्याचाच: उपयोग आहे तोवर पाहुणा.

मला मात्र पोथीतली तेल्याची सून फार मोठी वाटते. तिचं माहेर उज्जैन. हातपाय तुटून रानात पडलेल्या राजाला तिनेच ओळखलं, सासरी आणलं. मग विक्रम तेलघाण्यावर बसून बैल हाकू लागला. एका रात्री त्याने दीपक राग आळवला आणि नगरीतले दिवे आपोआप पेटले.