अपूर्णता : शब्दाचा अर्थ आणि वापर
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी काय काय मिळवलं याचा पाढा वाचण्याची रीत आहे. आम्ही मात्र आज एका शब्दाबद्दल बोलणार आहोत. तो शब्द म्हणजे अपूर्णता. बोलीत आपण तिला उणीव म्हणतो. पालीत 'ऊन' म्हणजे कमी. आपला 'उणा' त्याच घराण्यातला. शब्द लहान आहे, पण तो कुणाला लावायचा यावर फार मोठी गोष्ट अवलंबून आहे.

आपल्या समाजाला हा शब्द शेकडो वर्षे जन्मावरून लावला गेला. अमक्या घरी जन्मला म्हणून उणा! शिकला तरी उणा, राब राब राबला तरी उणा. काही केल्या भरून न निघणारी ही उणीव होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि हा शिक्का आपण झुगारून दिला. पण त्या २२ प्रतिज्ञांमधली १२ वी प्रतिज्ञा दहा पारमिता पाळण्याची आहे, हे आपण पुष्कळदा विसरतो. पारमिता म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण. दान, शील, वीर्य, क्षांती, सत्य, मैत्री हे गुण जन्माने मिळत नाहीत, रोज थोडे थोडे वाढवावे लागतात. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात (मूळ इंग्रजी, १९५७) बाबासाहेबांनी जीवनात पूर्णता गाठणे यालाच धम्म म्हटले आहे. म्हणजे उणीव जातीची नाही, जन्माची नाही. ती आचरणात राहिलेल्या कामाची आहे.

चूळपंथक भिक्खूची गोष्ट पाहा. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ महापंथक स्वतः भिक्खू, पण त्यानेच त्याला घरी परत जायला सांगितले. तथागतांनी त्याच्या हाती एक स्वच्छ कापड दिले आणि ते चोळत बसायला सांगितले. हाताच्या घामाने कापड मळले, तसे त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले आणि तो अर्हत झाला. पाठांतर उणे होते, माणूस उणा नव्हता. आणि आपण? वस्तीतलं पोरगं दहावीला नापास झालं की सरळ म्हणतो, "हा कामातून गेला!" जो शिक्का आपण झुगारला, तोच पोराच्या कपाळी मारतो.

दुसरा गैरवापर याच्या उलट आहे. सकाळी पाचवे शील मोठ्याने म्हणायचे आणि संध्याकाळी गुत्त्यावर बसून म्हणायचं, "आम्ही संसारी माणसं, अपूर्णच असायची!" इथे हा शब्द पांघरूण होतो.

मग खरा वापर कोणता? वर्षावास संपला की आश्विन पौर्णिमेला भिक्खू पवारणा करतात. माझा दोष पाहिला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल तर दाखवा, अशी विनंती प्रत्येकजण संघाला करतो. संयुत्तनिकायात प्रसंग आहे की, श्रावस्तीच्या पूर्वारामात खुद्द तथागतांनी आपल्या वागण्या-बोलण्यात काही दोष दिसतो का, असे संघाला विचारले. सारिपुत्तांनी नाही म्हटले आणि लगेच स्वतःबद्दल तेच विचारले.

जिथे शास्ता विचारतो, तिथे आमच्या अध्यक्षांना, खजिनदारांना विचारायला कमीपणा का वाटावा? आज वर्गणीचा हिशेब मागितला की, "माझ्यावर संशय घेता?" म्हणून माणूस विहारात यायचा बंद होतो. मग एका वस्तीत दोन मंडळं, दोन जयंत्या! आणि ज्याला दोष दिसतो तो बैठकीत गप्प बसतो, पानटपरीवर बोलतो.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. दरवर्षी आश्विन पौर्णिमेला वंदनेनंतर कार्यकारिणीने उपासक-उपासिकांसमोर बसावे आणि आमच्या कामात काय उणे राहिले, असे विचारावे. सांगणाऱ्याने दोष कामाचा सांगावा, घराण्याचा काढू नये. तोंडावर सांगावा, आणि तो भरून काढायला स्वतःचाही हात लावावा. महिला मंडळाला आधी बोलू द्यावे. विहार झाडून-पुसून ठेवणाऱ्यांना उणिवा लवकर दिसतात.

विहाराच्या भिंती उभ्या राहिल्या, त्याचा आनंद आहेच. पारमितांचं बांधकाम अजून चालू आहे, आणि त्याला सर्वांचे हात हवेत.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!