दहा हजार पायऱ्या आणि एक खडक
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘आयटीतील माझा प्रवास’ असा विषय दिला होता. पण त्या प्रवासात मी बहुतेक वेळ खुर्चीतच बसून होते. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी दुसऱ्याच एका प्रवासाबद्दल बोलणार आहे. गेल्या हिवाळ्यात आपल्याच बॅचचे आम्ही सात जण गिरनारला गेलो होतो, त्याबद्दल.

माझे बाबा दत्तभक्त. दर मार्गशीर्षात म्हणायचे, “यंदा गिरनारला जाऊ गं.” मी दर वेळी म्हणायचे, “हा रिलीज होऊ दे, बाबा.” आमच्या धंद्यात एक रिलीज संपला की दुसऱ्याची तारीख ठरलेलीच असते. बाबा तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची जपाची माळ माझ्या कपाटात तशीच होती. बॅचच्या ग्रुपवर गिरनारचा विषय निघाला आणि मी सगळ्यांत आधी नाव दिलं.

आम्ही दोनच नियम केले होते. चार दिवस फोन बंद, आणि चढताना मौन. सात जणांतली एक माझी शाळेतली बाकावरची शेजारीण. पाचवी ते दहावी एका बाकावर, एका डब्यात. नंतर मात्र वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे आमच्यात काही उरलं नव्हतं.

जुनागढला उतरून भवनाथ तळेटीला मुक्काम केला. पायथ्याशी डोलीवाले माणसाला काट्यावर तोलतात आणि वजनाप्रमाणे भाव सांगतात. तो काटा पाहूनच आम्ही सगळे पायी निघालो! हातात भाड्याची काठी घेऊन रात्री अकराला पहिली पायरी चढलो. वरपर्यंत जवळजवळ दहा हजार पायऱ्या. निम्म्या वाटेवर अंबामातेचं मंदिर, त्याच्या अलीकडे नेमिनाथांची आणि इतर जैन मंदिरं. पुढे गोरक्षनाथांचं शिखर, गुजरातमधली सर्वांत उंच जागा. तिथून पुष्कळ पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढून दत्तशिखर गाठायचं. त्या शिखरावरच्या पादुकांना आपण दत्तप्रभूंच्या मानतो, जैन बांधव नेमिनाथांच्या मानतात.

गोरक्षशिखरावर पोचलो तेव्हा पहाट व्हायची होती. वारा असा की उभं राहवेना. समोर काळोखात दत्तशिखराच्या वाटेवरचे दिवे दिसत होते. आणि तिथे माझ्या मैत्रिणीचा गुडघा धरला. ती पायरीवर बसली आणि मौन मोडून म्हणाली, “तू जा. मी बसते इथे.”

खरं सांगते, माझ्या मनात पहिला विचार आला तो जाण्याचाच. बाबांची माळ पिशवीत होती, शिखर समोर होतं. मी दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. मग मागे वळले आणि तिच्या शेजारी येऊन बसले. माळ दुसऱ्या मैत्रिणीच्या हाती दिली. म्हटलं, “पादुकांसमोर ठेवून आण.”

बराच वेळ दोघी गप्प होतो. मग ती म्हणाली, “माझी आई गेली तेव्हा तू जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलंस. मला वाटलं होतं, फोन तरी करशील.”

तिच्या आईने मला सहा वर्षं डब्यातली पोळी भरवली होती. त्या आठवड्यात आमचा रिलीज होता. हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच ते. “चुकले,” एवढंच म्हटलं. उजाडेपर्यंत आम्ही एका शालीत बसून होतो. ती तिच्या आईबद्दल बोलली, मी बाबांबद्दल. मग माझ्या खांद्याचा आधार घेत ती अंबाजीपर्यंत उतरली, आणि तिथून आम्ही रोपवेने खाली आलो. २०२० मध्ये सुरू झालेल्या त्या रोपवेला मी आदल्या दिवशी नावं ठेवली होती!

दुसऱ्या दिवशी आम्ही जुनागढच्या वाटेवरचा अशोकाचा शिलालेख पाहिला. बाई, तुम्ही आमच्याकडून हे पाठ करून घेतलं होतंत. पण एक गोष्ट मला तिथेच कळली. त्याच खडकावर आणखी दोन लेख आहेत. विषय आहे सुदर्शन तलाव. तो बांधला चंद्रगुप्त मौर्याच्या काळात. इसवी सन १५० मध्ये वादळाने बांध फुटला. खिंडार एवढं मोठं की मंत्र्यांनीच दुरुस्तीला नकार दिला. तरी रुद्रदामन राजाने प्रजेवर कर न बसवता, स्वतःच्या खजिन्यातून तो पुन्हा बांधून घेतला. पुढे स्कंदगुप्ताच्या काळात, ४५५च्या सुमारास, तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने पुन्हा बांधला. म्हणजे साडेसातशे वर्षांची ही देखभाल!

आमच्या व्यवसायात नवीन काही बनवणाऱ्याचं कौतुक होतं. जुनं चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही. इथे मात्र फुटलेला बांध दुरुस्त करणाऱ्यांची नावं दगडात कोरलेली होती. माझी मैत्रीण काठीवर रेलून तो लेख बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसली आणि म्हणाली, “आपलं खिंडारही बरंच मोठं होतं गं.”

मी दत्तशिखरावर पोचले नाही. माळ जाऊन आली. आता ती माझ्या टेबलावर, संगणकाशेजारी असते. आणि दर रविवारी संध्याकाळी मी तिला फोन करते. चित्र पाठवत नाही.

सर, बाई, तुमच्यापैकी कितीतरी जणांना मीही तीस वर्षांत एकदाही भेटले नाही. आज इथून जाण्याआधी तुमचे पत्ते लिहून घेणार आहे. आणि मित्रमैत्रिणींनो, येत्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी अंबाजीपर्यंत रोपवेने यावं. मागे राहील त्याच्याजवळ कुणीतरी थांबेल, याची हमी माझी.