दमा आणि मुक्या प्राण्यांची साक्ष



छत्रपती संभाजीनगरच्या भोंवतालच्या पडीक जमिनींत पावसाळ्यांत गाजर गवत माजतें. मूळ अमेरिकेंतील ही वनस्पती १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आली व पुढें सर्वत्र पसरली. तिचे परागकण सर्वांच्याच नाकांत जातात; पण धाप लागते ती थोड्यांनाच. कण तोच, हवा तीच, मग हा भेद कां?

याचें उत्तर प्रथम प्राण्यांपासून मिळालें. १९०२ सालीं फ्रान्समधील रिशे व पोर्तिए यांनीं कुत्र्यांस एका समुद्रजीवाचें विष अल्प प्रमाणांत टोंचलें. कांहीं आठवड्यांनीं त्याहूनही थोडी मात्रा देतांच कुत्रे दगावले. पहिल्या भेटीनें शरीर सुरक्षित होण्याऐवजीं अधिकच हळवें झालें होतें. १९१० सालीं गिनिपिगांत हाच प्रकार घडतांना श्वासनलिका आवळून प्राणी मरतात असें आढळलें, आणि माणसाचा दमाही याच जातीचा असावा, असें अमेरिकेंतील मेल्टझर यांनीं त्याच वर्षीं सुचविलें.

पुढें हा अभ्यास मुख्यतः उंदरांवर होऊं लागला. अंड्याच्या पांढऱ्या बलकांतील प्रथिन उंदराच्या पोटांत टोंचावयाचें व कांहीं दिवसांनीं तेंच हुंगवावयाचें, ही त्याची रूढ रीत. मग शरीराचे रक्षकच घरांत धुमाकूळ घालतात. साहाय्यक टी पेशी इंटरल्युकिन नांवाचीं द्रव्यें सोडतात. त्यांपैकीं चौथ्या क्रमांकाचें द्रव्य आयजीई हें प्रतिपिंड तयार करविण्यास कारण होतें. पांचवें इओसिनोफिल पेशींची फौज वाढवितें. तेरावें कफ वाढवून नलिका चटकन आवळण्याजोग्या करतें.

परंतु साक्षीदार कितीही प्रामाणिक असला तरी त्यानें पाहिलें तेवढेंच तो सांगणार! उंदरास निसर्गतः दमा होत नाहीं. पांचवें इंटरल्युकिन अडविल्यानें कित्येक प्रयोगांत उंदीर बरे राहिले; पण २००० सालीं तसेंच औषध माणसांस दिलें तेव्हां इओसिनोफिल घटूनही नलिकांचें आवळणें कमी झालें नाहीं. तें औषध टाकाऊ मात्र नव्हतें. ज्यांच्यांत इओसिनोफिल फार असतात अशाच रोग्यांस निवडून तें दिलें, तेव्हां त्यांचे झटके कमी झाल्याचें २००९ सालीं दिसून आलें. दमा एक नव्हे, त्याचे प्रकार अनेक, हा त्यांतला बोध.

दुसरा बोध घरोघरच्या उपयोगाचा आहे. दमा म्हणजे केवळ आकस्मिक झटका नव्हे. झटका नसतांनाही नलिकांत दाह धुमसत असतो. वैद्यानें रोज घेण्यास सांगितलेला स्टेरॉइडचा फवारा हा दाह शमवितो. छाती मोकळी वाटली म्हणून तो आपल्याच मनानें बंद करणें म्हणजे राखेखालचा निखारा विझला असें मानून निजणें होय. मुक्या प्राण्यांनीं जीव देऊन दिलेलें हें ज्ञान रोग्यानें वायां घालवूं नये.