मेसच्या टेबलावरचं बोलणं
(बोदलकसा येथील शिबिरात केलेलं भाषण)



मी तिरोडा तालुक्यातली. नागपूरला एम. ए. करते, मुलींच्या वसतिगृहात राहते. मला संवादावर बोलायला सांगितलंय, म्हणून आधी माझ्याच तोंडून काय गेलं ते सांगते.

शिष्यवृत्तीची यादी लागली त्या रात्री जेवताना मी खोलीतल्या मैत्रिणीला म्हटलं, "तुमचं बरं आहे, सगळं फुकट." ती बौद्ध, मी कुणबी. ओबीसी म्हणून माझ्याही फीमध्ये सवलत होती, पण ते तेव्हा आठवलं नाही. ती ताट घेऊन उठली. महिनाभर एका खोलीत राहून आम्ही बोललो नाही. एवढं काय लागलं, असं मला वाटायचं. तिला मात्र विचारलं नाही.

शेवटी विचारलं. मग शुक्रवारी रात्री आम्ही मेसमध्ये बसू लागलो. आणखी पाच-सहाजणी आल्या. आपल्यावर गुदरलेलं सांगायचं, कुणाला मध्ये तोडायचं नाही, एवढंच ठरलं होतं. तिसऱ्या बैठकीत सगळ्या तिलाच विचारायला लागल्या, तुला कधी भेदभाव जाणवला का? ती म्हणाली, "मी इथे साक्ष द्यायला आलेय का?" खरंच होतं ते. आमचं शिक्षण व्हावं म्हणून तिनं दर शुक्रवारी जखम उघडायची, याला संवाद कसा म्हणायचा? मग आम्ही आपापल्या घरात जातीवरून काय बोललं जातं ते सांगायला लागलो. फार जड गेलं. एकजण यायची बंद झाली, ती परत आलीच नाही.

एकदा मी सांगितलं, माझी आजी विड्या वळायची. त्यावर मैत्रिणीनं नागपूरला जुलै 1942 मध्ये भरलेल्या दलित महिला परिषदेबद्दल सांगितलं. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे, डॉ. आंबेडकरही तिथे बोलले होते. घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, असे ठराव झाले. गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना हक्काची रजा हवी, असाही एक होता. आजीला कधी रजा मिळाली नाही. पण तिच्यासारखीसाठी रजा मागणाऱ्या या बायकांची नावं एम. ए.पर्यंत माझ्या कानावर आली नव्हती.

मैत्रिणीनं मला माफ केलं का? ती तसं म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. पुढं तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे रखडले, तेव्हा अर्जावर माझीही सही होती. वॉर्डनबाई म्हणाल्या, "यात तुझा काय संबंध?"

थांबते. मागच्या ओळीतल्या ताई मघापासून हात वर करताहेत.