मैदानावरचं पदवीदान, मावळता उजेड आणि लांब लेन्स

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय थेट आपल्या जिल्ह्यातल्या मैदानांवरचा आहे. संध्याकाळी उघड्यावर पदवीदान समारंभ असतो, तुमच्या हातात लांब लेन्सचा कॅमेरा आहे आणि मित्राने सांगून ठेवलंय, 'भाऊ, माझा फोटो चुकवू नको.' मग काय करायचं?

आधी थोडं मागचं सांगतो. अमरावती विद्यापीठ सुरू झालं १९८३ साली. त्याआधी आपली कॉलेजं नागपूर विद्यापीठाकडे होती. शेगावचं संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेजही १९८३ चंच. म्हणजे आज पदवी घेणाऱ्या कित्येक पोरापोरींच्या घरात ही पहिलीच पदवी असते. बुलडाण्याहून अमरावती जवळपास दोनशे किलोमीटर. आईवडिलांना तिथे घेऊन जायचं म्हणजे एक दिवस मोडला, गाडीभाडं वेगळं. म्हणून कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम असला की अख्खं घर येतं. तूर-कपाशीची कामं आटोपून, नवं लुगडं नेसून, एसटीने येतं. आणि बसतं कुठे? शेवटच्या रांगेत. तिथून स्टेजवरचं लेकरू दिसतं बोटाएवढं. त्यांच्यासाठी तुमचा फोटो हाच खरा समारंभ असतो. तोच फ्रेम करून भिंतीवर लागणार आहे.

आता उजेडाचं गणित बघू. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्याला साडेसहाच्या थोडं आधी आणि मे महिन्यात सातच्या जरा आधी. सूर्य बुडाल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत अंधार पडतो. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे युरोपातल्यासारखी लांबलचक संधिप्रकाशाची वेळ आपल्याला मिळत नाही.

पत्रिकेवर लिहिलेलं असतं सायंकाळी ५ वाजता. मग पाहुणे येणार, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, सत्कार, भाषणं. पहिली पदवी हातात पडेपर्यंत साडेसहा वाजलेच म्हणून समजा. समजा ३०० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला १० सेकंद. झाली ५० मिनिटं. म्हणजे पहिल्या मुलाला आभाळाचा निळसर उजेड मिळतो आणि शेवटच्या मुलीला फक्त स्टेजवरचे एलईडी. एकच सेटिंग लावून बसलात तर चालणार नाही. दर दहा मिनिटांनी एक फोटो मोठा करून बघा आणि आयएसओ वाढवत न्या.

उभं कुठे राहायचं? मुलं कुठल्या बाजूने स्टेजवर चढतात ते आधीच विचारून घ्या. तुमच्या डावीकडून चढणार असतील तर त्यांचं तोंड उजवीकडे, पाहुण्यांकडे असणार. मग तुम्ही मधोमध न राहता थोडं उजवीकडे उभं राहा, म्हणजे मुलाचा चेहरा दिसेल. डावीकडे राहिलात तर फोटोत कान आणि टोपीचा गोंडाच येईल. पोडियम, माईकचा दांडा, फुलांची परडी, हे मध्ये येतंय का तेही रिकाम्या स्टेजवरच बघून ठेवा.

लांब लेन्सचा मोठा फायदा म्हणजे स्टेजसमोर गर्दी करावी लागत नाही. साधा, छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर १५ मीटरवरून २०० मिलिमीटरला साधारण पावणेदोन मीटर रुंदीची चौकट मिळते. देणारा आणि घेणारा दोघंही कमरेपासून वर छान बसतात. १५ मीटर म्हणजे मोजून वीसेक पावलं. बाजूच्या वाटेवर, खुर्च्यांना टेकून उभं राहा. मागच्या आईबापांच्या डोळ्यांसमोर आपली पाठ येता कामा नये.

आता सेटिंग. पहिलं शटर. हात पुढे होतात, मान वळते, हसू येतं. १/२५० ठेवा, फारच अंधार झाला तर १/२००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताचा थरथराट सांभाळतं. समोरचा माणूस हलला तर ते काही करू शकत नाही. त्यामुळे 'स्टॅबिलायझेशन आहे, १/३० ला मारतो' हे इथे जमत नाही. एक मोनोपॉड, म्हणजे एकपायी काठी, जवळ ठेवा. तासभर लांब लेन्स धरून हात दुखून येतात आणि त्याचा परिणाम फोटोवर होतो.

दुसरं छिद्र. एफ २.८ ची लेन्स असेल तर उत्तम, पण ती महाग आणि जड. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या स्टुडिओवाल्याकडून एका दिवसासाठी भाड्याने मिळते का विचारा. नसेल तर घरातली ५५-२५० किंवा ७०-३०० सुद्धा काम करते. तिचं छिद्र लांब टोकाला एफ ५.६ वर येतं, म्हणजे एफ २.८ च्या एक चतुर्थांश उजेड. तो आयएसओने भरून काढावा लागतो. जिथे १६०० चाललं असतं तिथे ६४००. दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटो भिंतीवर लागतो, हललेला लागत नाही.

तिसरं मीटर. अंधार पडल्यावर मागे काळं आभाळ आणि मध्ये उजळलेला चेहरा असतो. कॅमेरा त्या काळोखाकडे बघून उजेड वाढवतो आणि चेहरा पांढराफटक होतो. त्यात २०१९ साली यूजीसीने विद्यापीठांना हातमागाच्या कपड्याचे पोशाख सुचवल्यापासून काही ठिकाणी काळ्या गाऊनऐवजी पांढरा कुर्ता आणि उपरणं दिसतं. पांढरं कापड तर लगेच जळतं. म्हणून मॅन्युअल मोडवर या, चेहऱ्यावरून उजेड ठरवा आणि कुर्त्याची वीण दिसतेय का ते बघा.

चौथं दिव्यांचा लपका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही, पण १/२५० ला एक फोटो उजळ, दुसरा काळपट, तिसऱ्यावर आडवे पट्टे असं होतं. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. नसेल तर १/१०० वर या आणि दोघं क्षणभर थांबतात तेव्हाच क्लिक करा. तो क्षण येतोच. पदवी हातात पडली की दोघं कॅमेऱ्याकडे बघतात. तीन-चार फोटोंची छोटी लड काढा, एक तरी डोळे उघडे असलेला मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, दादा, आमच्याकडे फक्त मोबाईल आहे. ठीक आहे. एक तपासणी घरीच करा. संध्याकाळी ३ एक्सवर जा आणि मागच्या टेलिफोटो कॅमेऱ्यावर बोट ठेवा. स्क्रीन काळी झाली नाही तर समजा, कमी उजेडात फोनने गुपचूप मुख्य कॅमेरा वापरून चित्र नुसतं कापून मोठं केलंय. बरेच फोन असं करतात. मग झूमच्या नादी लागू नका. शक्य तेवढं जवळ जा, १ एक्सवर काढा, नंतर कापा. त्याआधी लेन्स रुमालाने पुसा. आपल्याकडच्या धुळीने अर्धे फोटो धुरकट होतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या घराला फोटो हवा आहे त्याला शेवटची एसटी गाठायची असते. कार्यक्रम लांबला की मागच्या रांगेतली माणसं घड्याळ बघायला लागतात, पिशव्या आवरतात आणि लेकराचं नाव पुकारण्याआधीच कुणी कुणी उठून जातं. म्हणून सगळ्यांचा घरचा फोटो कार्यक्रमाआधी काढा. साडेपाचचा तिरका, पिवळा उजेड असतो, चेहरे निवांत असतात. गाऊन घातलेला मुलगा, शेजारी आईबाबा. लेन्स ८५-१०० मिलिमीटरवर ठेवा आणि चार पावलं मागे सरका. लांबून काढलेल्या फोटोत माणसं अवघडत नाहीत. आणि नाव पुकारतात तेव्हा दोन फोटो स्टेजचे काढून झाले की लेन्स वळवा मागे, त्या रांगेकडे. टाळी वाजवणारी आजी, मोबाईल उंच धरलेला बाप. ते चेहरे त्या मुलाने स्वतः कधीच पाहिलेले नसतात, कारण तेव्हा तो स्टेजवर असतो.

फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला तर तो दाबून छोटा होतो आणि प्रिंट काढली की फुटतो. शक्य असेल तर एक १२ बाय १८ ची प्रिंट काढून घरी नेऊन द्या. गावात सगळ्यांकडे मोठी स्क्रीन नसते, पण भिंत सगळ्यांकडे असते.

तर मंडळी, पुढच्या पदवीदानाला कुणाचा फोटो काढणार आहात, त्याला आजच विचारून ठेवा, घरून कोण कोण येणार आहे आणि त्यांची गाडी किती वाजताची आहे. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!