दप्तराचा पहारेकरी

शाळेच्या जनरल रजिस्टरांत एकदां चढलेलें नांव खोडावयाचें नसतें. विद्यार्थी शाळा सोडून गेला, तर तारीख व कारण लिहून त्याचें नांव पटावरून कमी करतात. ओळ मात्र तशीच राहते. ही साधी शिस्त संगणकांतील दप्तरास कशी लावतां येईल, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आमचा परंडा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखालीं होता. त्यामुळें इकडील जुनीं महसुली कागदपत्रें पुष्कळशीं उर्दूंत, कांहीं मोडींत आहेत. २०२३ सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं मराठवाड्यांतील असे निजामकालीन कागद व शाळांचीं रजिस्टरें तपासलीं जाऊं लागलीं, तेव्हां एका जीर्ण पानावर सबंध कुटुंबाचा दाखला अवलंबून असूं शकतो, हें सर्वांस उमगलें. अशा पानाची छायाप्रत संगणकाच्या फोल्डरमध्यें ठेवली कीं काम संपलें, असें आपणांस वाटतें. परंतु कागद वाळवीनें खाण्यास कांहीं काळ लागतो. फोल्डर पुसण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो.

यावर उपाय आहे. फोल्डरमध्यें कागद येणें, त्याचें नांव बदलणें, तो हलविणें किंवा पुसणें, यांपैकीं प्रत्येक गोष्टीस संगणकाच्या परिभाषेंत ‘इव्हेंट’, म्हणजे घटना, म्हणतात. घटना घडतांच काय करावयाचें, याच्या आज्ञा आगाऊ लिहून ठेवतां येतात. त्यांस ‘इव्हेंट हँडलर’ असें नांव आहे. आपण त्यास पहारेकरी म्हणूं.

दप्तरें सांभाळणाऱ्या अनेक प्रणालींत हे पहारेकरी दोन प्रकारचे असतात. एक कृतीच्या आधीं उभा राहतो, दुसरा कृति झाल्यावर येतो. नंतर येणारा घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवूं शकतो. आधींचा मात्र हात धरून थांबवूं शकतो. म्हणून आलेल्या कागदास क्रमांक देणें, त्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणें, हीं कामें नंतरच्याकडे सोंपवावींत. पुसण्याच्या आज्ञेस आधींचाच पहारेकरी हवा. त्यानें अधिकार पाहावा, कारण विचारावें, आणि इतकें करूनही कागद नष्ट न करतां निराळ्या कप्प्यांत हलवावा.

येथें दोन धोके संभवतात. मोठी छायाप्रत फोल्डरमध्यें उतरत असतांनाच ‘कागद आला’ अशी वर्दी मिळते. ती तत्काळ उचलली, तर अर्धेंच पान हातीं लागतें. यास्तव फाइलीचा आकार स्थिर होईपर्यंत थांबण्याची आज्ञा लिहावी. दुसरें असें कीं, कागदाचें नांव बदलणारा पहारेकरी त्या बदलानेंच नवी घटना घडवितो. ती त्यास पुन्हां जागें करते, आणि हें चक्र थांबतच नाहीं. स्वतः केलेल्या बदलावर खूण करून तो वगळणें, हा त्यावरील इलाज होय.

मोडींतील नांव बरोबर वाचलें कीं नाहीं, हें या पहारेकऱ्यास कळणार नाहीं. तें काम जाणत्या माणसाचें आहे. तो वाचणारा येईपर्यंत पान शाबूत राहावें, एवढ्यासाठींच याची नेमणूक करावयाची.