शेक, जीवनसत्त्वें आणि कर्करोग

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चौसाळा हें गांव लागतें. तेथील कोणत्याही घरांत कंबर धरली किंवा ओटीपोट दुखूं लागलें, कीं पहिला उपाय ठरलेला असतो: तवा तापवावयाचा, फडक्याची घडी त्यावर गरम करावयाची आणि दुखऱ्या जागीं शेक द्यावयाचा. शेकानें बरें वाटतें हा अनुभव खोटा नाहीं. उष्णतेनें स्नायू सैल पडतात व वेदना शमते. परंतु दुखण्याचें मूळ जेथें कर्करोगांत असतें, तेथें हें बरें वाटणें फसवें ठरतें. वेदना थांबते; गांठ मात्र वाढतच राहते.

नवलाची गोष्ट ही, कीं उष्णतेनें कर्करोगावर इलाज करण्याची विद्या खरोखरीच अस्तित्वांत आहे. धांवरें हा ज्वरयुक्त रोग होऊन गेल्यावर एखाद्या रोग्याची गांठ विरघळते, असें पाहून न्यूयॉर्कचे शल्यवैद्य विल्यम कोली यांनीं १८९१ सालापासून रोग्यांच्या अंगीं मुद्दाम ज्वर आणण्याचे प्रयोग केले. आजच्या उष्णतोपचारांत ज्वर आणावा लागत नाहीं. ज्या जातीच्या विद्युच्चुंबकीय लहरींवरून भाषणें व गाणीं घरोघर पोहोंचतात, त्याच जातीच्या लहरी गांठीवर केंद्रित करून तिचें उष्णतामान सुमारें तासभर ४० ते ४३ अंश सेल्सिअस इतकें राखतात. गांठीच्या ज्या भागांत रक्त व प्राणवायु कमी पोहोंचतो, तेथील पेशी किरणोपचाराला दाद देत नाहींत. पण नेमक्या त्याच उष्णतेपुढें दुबळ्या ठरतात. शिवाय, किरणांनीं झालेली इजा भरून काढण्याची पेशींची शक्ति उष्णतेनें खुंटते. म्हणून हा उपचार एकटा देत नाहींत. किरणोपचाराच्या किंवा औषधांच्या जोडीला देतात.

नेदरलंड्समध्यें झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००० सालीं प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाचा वाढलेला कर्करोग असलेल्या ज्या स्त्रियांना केवळ किरणोपचार मिळाला, त्यांपैकीं तीन वर्षांनंतर शेंकडा २७ हयात होत्या. उष्णतेची जोड मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५१. पुढील कांहीं चाचण्यांत मात्र इतका लाभ दिसून आला नाहीं. तात्पर्य, हें साधन उपयुक्त असलें तरी रामबाण नव्हे. आणि तव्यावरच्या शेकाशीं त्याचें नातें केवळ नांवापुरतें आहे.

जीवनसत्त्वांची कथा अशीच आहे. अन्न जात नाहीं, उलट्या होतात, यामुळें कर्करोग्यांच्या रक्तांत 'क' आणि 'ड' जीवनसत्त्वांचें प्रमाण बहुधा उणें आढळतें. ही उणीव रक्त तपासून भरून काढणें योग्यच होय. परंतु उणीव भरणें निराळें आणि रोग बरा करणें निराळें. १९७६ सालीं कॅमेरॉन व पॉलिंग यांनीं 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेनें रोग्यांचें आयुष्य वाढतें असें प्रतिपादिलें. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकनें १९७९ व १९८५ सालीं काटेकोर चाचण्या प्रसिद्ध केल्या, त्यांत तोंडानें दिलेल्या त्या मात्रेचा कांहीं गुण दिसला नाहीं. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांच्या चाचणींत तर, १९९४ सालीं असें दिसलें, कीं बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट अधिक झाला. शेवग्याचा पाला, आवळा, पेरू यांनीं ताट भरावें. गोळी मात्र वैद्याला विचारूनच घ्यावी, उपचार चालू असतांना तर विशेषच.

मग खरा लाभ कशांत आहे? त्याचें उत्तर चौसाळ्याच्या शेजारींच मिळालें आहे. दक्षिणेस लागूनच पूर्वीचा उस्मानाबाद, आजचा धाराशिव जिल्हा. आणि त्यापलीकडे बार्शी. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयांत १९८७ सालीं भारतांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. पुढें या रुग्णालयानें, मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रानें आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेनें मिळून उस्मानाबाद जिल्ह्यांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. २००९ सालीं त्याचा निष्कर्ष जगापुढें आला: रोगास कारण होणाऱ्या विषाणूची आयुष्यांत एकदांच केलेली तपासणी आणि वेळींच उपचार, एवढ्यानेंच गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें होणारे मृत्यू सुमारें निम्म्यानें घटले.

बीड जिल्ह्यांतील हजारो स्त्रिया दसऱ्यानंतर ऊसतोडीस जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. पाळी गेल्यावर पुन्हां रक्त दिसलें, किंवा दुर्गंधीयुक्त स्राव सुरू झाला, तरी "हंगाम संपूं दे, मग पाहूं" असें म्हणून शेकावर दिवस ढकलले जातात. ते पांच-सहा महिनेच कित्येकदां साध्य रोगाला असाध्य करून सोडतात. शेक वेदनेसाठीं खुशाल असावा, सकस अन्नही असावें. पण तपासणी त्यांच्यानंतर नव्हे, त्यांच्या आधीं व्हावी. हंगामाला निघणाऱ्या गाडींत बसण्यापूर्वीं दवाखान्यांत घालविलेला एक दिवस हा त्या घराचा बुडालेला रोजगार नव्हे. त्या घराची आई राखण्याची ती किंमत होय.